गोठ्यातून उंबऱ्यापर्यंत

आमचा गोठा घराला लागूनच आहे, मधे फक्त एक ओटा. चार संकरित गाई, एक म्हैस, दोन कालवडी, सात-आठ शेळ्या आणि संध्याकाळी डालग्याखाली झाकायच्या कोंबड्या. निफाड तालुक्यात हा पसारा काही मोठा नाही. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांच्याकडेही शेणखतासाठी आणि दुधाच्या दहा दिवसांच्या पगारासाठी एवढी जनावरं असतातच. इतकं जवळ राहायचं म्हणजे शेण, मूत, लाळ, केस आणि गोचीड यांतलं काही ना काही घरात येणारच. ते पूर्ण अडवता येत नाही. ते तोंडात, डोळ्यांत आणि हाताच्या भेगांत जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं. त्यासाठी साबण कुठला वापरला याला फार महत्त्व नाही. कुठल्या कामामागून कुठलं काम येतं, यावर सगळं ठरतं.

हात धुवायची जागा गोठ्याच्या दारातच हवी. मोरी घरात असते, तिथपर्यंत पोचेस्तोवर दाराची कडी, दिव्याचं बटण आणि नळाची चावी या तिन्हींना शेण लागलेलं असतं. मग हात धुऊन त्याच चावीने नळ बंद करायचा, म्हणजे धुतलेलं परत हाताला लागलं. तांब्याचंही तेच. शेणाच्या हाताने तांब्या बादलीत बुडवला की तांब्याचा काठ आणि बादलीतलं पाणी दोन्ही गेलं, आणि पुढे त्याच बादलीतून घरातलं कुणीतरी तोंड धुतं. आम्ही दारापाशी विटांच्या चौथऱ्यावर वीस लिटरचा कॅन ठेवला आणि त्याला कोपराने ढकलून उघडता येईल अशी लांब दांड्याची चावी बसवली. जिथे तोही खर्च नको असेल तिथे तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पुरतो. झाकणाच्या खाली साधारण चार बोटं अंतरावर तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडायचं, कॅनच्या मुठीतून आडवी काठी घालून तो टांगायचा, झाकणाजवळून दोरी सोडून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या फळीला बांधायचं. पायाने फळी दाबली की कॅन वाकतो आणि बारीक धार पडते. हाताचा कुठे स्पर्शच होत नाही. येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, तिथे याचा मोठा फायदा म्हणजे पाणी फार कमी लागतं. तांब्याने हात धुताना अर्धं पाणी हात ओले होण्याआधीच खाली जातं.

साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून तिथेच टांगायची. खाली ठेवलेली वडी शेणात पडते, उंदीर कुरतडतात आणि कावळे तर उचलून नेतात. साबण संपला असेल तर चुलीची स्वच्छ राख चालते. माती मात्र नको. मातीत धनुर्वाताचे बीजाणू आणि जंतांची अंडी असतात.

आता धुण्याचा क्रम. हाताला चिकटलेलं शेण आधी नुसत्या पाण्याने आणि खराट्याच्या काडीने काढायचं, मगच साबण लावायचा. शेणावर साबण फासला तर फेस होत नाही आणि वडीच घाण होते. फेस झाल्यावर तो वीस सेकंद तरी हातावर राहायला हवा, म्हणजे सावकाश वीस आकडे मोजायचे. तळवे सगळेच चोळतात. सुटतात त्या जागा म्हणजे अंगठ्याची मुळं, बोटांच्या बेचक्या, मनगट आणि नखांच्या कडा. नखं आठवड्याला कापायची आणि नखांसाठी एक जुना दात घासायचा ब्रश साबणाशेजारी टांगून ठेवायचा. त्यानंतर वाहत्या पाण्याने धुऊन हात कोरडे करायचे. ओल्या हाताला जे चिकटतं ते कोरड्याला तेवढं चिकटत नाही. पुसायचं फडकं ज्याचं त्याचं वेगळं. सगळ्या घराला मिळून एक पंचा असला की एकाच्या हातचं सगळ्यांच्या हाताला लागतं.

बाटलीतलं सॅनिटायझर गोठ्यात फारसं कामाचं नाही. हाताला शेण, दूध किंवा तेलकटपणा असला की त्यातला अल्कोहोल कातडीपर्यंत पोचतच नाही. शिवाय वासरांच्या हगवणीतला एक सूक्ष्म परजीवी, क्रिप्टोस्पोरिडियम, अल्कोहोलनेही मरत नाही आणि पाण्यात टाकायच्या क्लोरीननेही नाही. तो चोळून, पाण्याबरोबर वाहूनच घालवावा लागतो. हगवण लागलेल्या वासराचं सगळं करून आलेल्या माणसाने सॅनिटायझर लावून भाकरी हातात घेतली, तर न धुता घेतल्यासारखीच.

निफाडची थंडी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच वाजता हौदातल्या पाण्यात हात घालवत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत हात धुणं दोन सेकंदांवर येतं. कोमट पाण्याने जंतू मरतात असं नाही, पण कोमट पाणी असलं की माणूस हात पुरेसा वेळ धुतो. म्हणून पहाटे उठल्याबरोबर बंब पेटवायचा आणि पहिली बादली दारातल्या कॅनमध्ये ओतायची. थंडीत दुसरी अडचण भेगांची. कपड्यांच्या पावडरीने हात धुतले तर आठ दिवसांत कातडी फुटते. भेग म्हणजे उघडं दारच, आणि वारेतले (व्याल्यावर पडणाऱ्या झिल्लीतले) किंवा मुतातले जंतू आत शिरायला त्याहून सोपी वाट नाही. रात्री शेवटचे हात धुतले की खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. ज्याच्या हाताला उघडी भेग किंवा जखम आहे त्याने ती पट्टीने झाकून वर रबरी हातमोजा घालायचा, आणि भरून येईपर्यंत सारवण आणि गोबरगॅसच्या टाकीतला काला कालवणं दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. टाकीत शेण-पाणी निम्मं-निम्मं कालवताना हाताऐवजी दांडा वापरला तर उत्तमच.

तंबाखूबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण ही सगळ्यात सरळ वाट आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. शेण भरून झालं की माणूस ओट्यावर बसतो, डाव्या तळहातावर तंबाखू-चुना घेतो, उजव्या अंगठ्याने मळतो आणि चिमूट ओठाखाली ठेवतो. अंगठा आणि तळवा, म्हणजे हाताचा सगळ्यात जास्त शेण लागलेला भाग. बायकांच्या मिसरीचंही असंच. सवय सोडा असं सांगायला हा लेख नाही, पण पुडी खिशात न ठेवता हात धुवायच्या जागेच्या पलीकडे खुंटीला ठेवली की निदान क्रम तरी बदलतो. मोबाइलचंही तेच. धार काढताना फोन आला की शेणाच्या बोटांनी उचलायचा, आणि तोच फोन जेवताना ताटाशेजारी. गोठ्यात फोन पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा. बोलता येतं, बोटाने चालतो, आणि बाहेर आल्यावर पिशवी काढून टाकता येते.

कपडे गोठ्याचे वेगळे, ते दारातल्या खुंटीवर राहतात आणि उंबऱ्याच्या आत येत नाहीत. बागेत कामाला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोच इथेही उपयोगी. पदर शर्टात खोचला जातो, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण पदर हाच घरातला खरा पंचा असतो. हात पुसायला तो, लेकराचं नाक पुसायला तो आणि गरम भांडं उतरवायलाही तोच. काचेच्या बांगड्या धार काढताना कोपराकडे सरकवून वरून शर्टाची बाही बांधायची. बांगडीखाली शेण साचतं आणि फुटली तर सड कापतो. अंगठी काढूनच ठेवायची, तिच्याखाली साबण पोचत नाही. डोक्याला रुमाल हवा, म्हणजे म्हशीच्या शेपटीचा फटका केसांऐवजी रुमालाला बसतो. हे कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. वेगळी बादली, कढत पाणी आणि कडक उन्हात वाळवण.

पायात गमबूट. कडेने आणि तळाच्या खाचांत शेण बसतं, ते बाहेर येतानाच खराट्याने घासून काढायचं, आणि बूट खुंट्यांवर उलटे टांगायचे. उभे ठेवले की आत ओल राहते, वास धरतो आणि पायाला गजकर्ण होतं. सुती मोजे रोज बदलावेत. घालण्याआधी बूट आपटून घ्यावा, विंचवाला अंधारी उबदार जागा आवडते. लाळ्या-खुरकुताची साथ गावात असेल तर दाराशी पसरट घमेल्यात दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून ठेवायचा आणि आत-बाहेर करताना त्यात बूट बुडवायचे. हा रोग माणसाला होत नाही म्हटलं तरी चालेल, पण माणसाच्या बुटावरून आणि कपड्यांवरून तो गोठ्यागोठ्यांतून फिरतो. सोड्याचं पाणी रोज बदलायचं. शेणाने घाण झालेल्या पाण्यात बूट बुडवून काही साधत नाही.

धार काढताना स्वच्छता दोन्ही बाजूंची असते. आपल्या हातावरचे जंतू गाईच्या सडात जातात, तिच्या सडातले आपल्या हातावर येतात, आणि कासदाह, म्हणजे कासेची सूज, एका गाईकडून दुसरीकडे जातो तो बहुतेक वेळा धारकऱ्याच्या हातांवरून. म्हणून प्रत्येक गाईआधी हात धुवायचे, निदान साबणाच्या पाण्यातून काढून कोरडे करायचे. क्रम असा: आधी पहिलारू, मग निरोगी जुन्या गाई, शेवटी कासदाह असलेली. कास सगळी धुवायची गरज नाही, फक्त सड धुवायचे. वरून पाणी ओघळत सडाच्या टोकाशी आलं की सगळी घाण भांड्यात. पाण्यात पोटॅशियम परमँगनेट इतकंच की रंग फिका गुलाबी दिसेल. प्रत्येक गाईचं फडकं वेगळं. पहिल्या तीन-चार पिळी काळ्या फडक्यावर किंवा गडद रंगाच्या वाटीत घ्यायच्या, गाठी दिसल्या की कासदाह कळतो. पुष्कळ जण या पिळी तळहातावर घेऊन बघतात आणि तसाच हात दुसऱ्या सडाला लावतात. दुसरी सवय दुधात बोटं बुडवून सड ओले करायची. हात सटासट चालतो खरा, पण बोटांवरचं सगळं दुधात उतरतं आणि दूध सडाच्या भोकात. कोरड्या हाताने, पूर्ण मुठीत सड धरूनच धार काढावी. अंगठा मुडपून ओढलं की सड आतून दुखावतो आणि आपल्या अंगठ्याच्या सांध्यावर कातडी सोलते, म्हणजे दोघांचंही नुकसान. शेवटी सड अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि गाईपुढे लगेच चारा टाकायचा, म्हणजे ती अर्धा तास तरी बसत नाही. तोवर सडाचं तोंड उघडं असतं.

म्हशीच्या सडांवर पुटकुळ्या दिसल्या तर उघड्या हाताने धार काढू नये. म्हशींच्या देवीचा विषाणू माणसाच्या बोटांवर तसेच फोड आणतो, सोबत ताप आणि काखेत गाठ.

द्राक्षपट्ट्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, पुढे बुरशीनाशकांच्या फवारण्या सुरू होतात. तोच माणूस संध्याकाळी धारेला बसतो. फवारणीचे कपडे घालून गोठ्यात शिरायचंच नाही. आधी अंघोळ, मग गोठ्याचे कपडे, मग धार. सायनामाइड लावलेल्या दिवशी आणि नंतरही काही दिवस दारूला हात लावू नये. दोन्ही एकत्र आलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास अडकतो.

वासरं आणि करडं हा पोरांचा विषय. कालवडीच्या डोळ्यांभोवती आणि कानांशी राखाडी, खपलीचे गोल चट्टे दिसले की ते गजकर्ण समजावं. मिठी मारणाऱ्या पोराच्या मानेवर आणि हातावर दोन-तीन आठवड्यांत तसंच कडं उठतं. याचे बीजाणू दाव्यावर, खुंट्यावर, लाकडी गव्हाणीच्या फटीत महिनोन् महिने टिकतात, म्हणून औषध फक्त पोराला लावून भागत नाही. वासराला लावायचं, दावं बदलायचं आणि खुंटा घासून उन्हात टाकायचा. औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या मिश्र मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, कडं फिकं पडतं, आणि मग दुप्पट पसरतं. ट्यूबवरचं बारीक नाव वाचून घ्यावं किंवा सरळ डॉक्टरांकडे जावं. करडांच्या ओठांवर मावा, म्हणजे खपलीचे फोड, आला असेल तर बाटलीने दूध पाजणाऱ्याच्या बोटावर टणक, पाणीदार गाठ येऊ शकते. ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. ती कापायची नाही, फोडायची नाही, फक्त झाकून ठेवायची. पाच वर्षांखालच्या मुलांना हगवण लागलेल्या वासराच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, यात सूट नको.

गोचीड बोटांनी ओढून नखाखाली चिरडायची सवय घराघरांत आहे. आत रक्त असतं, त्यात काय असेल ते सांगता येत नाही, आणि चिरडताना ते नखाच्या कडेत आणि उडालं तर डोळ्यात जातं. गोचिडीतून पसरणाऱ्या क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत सापडले होते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, साबणाच्या पाण्याच्या किंवा रॉकेलच्या डबीत टाकायची. आपल्या अंगावर चिकटली असेल तर तिच्यावर रॉकेल, तंबाखू किंवा चटका काहीही लावू नये. तिथेही चिमटाच. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काख, जांघ, कमरेचा नाडा येतो ती जागा आणि कानामागे हात फिरवून बघायचं. अंघोळीची वेळही संध्याकाळच्या धारेनंतरची ठेवावी. सकाळी अंघोळ करून दिवसभर गोठा आणि रात्री तसंच अंथरुणात, याचा काही उपयोग नाही.

सगळ्यात जपायचा दिवस म्हणजे गाय व्यायचा, आणि त्याहूनही गाय गाभडायचा, म्हणजे गर्भ टाकायचा. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडली की ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेला जंतूंमुळे जनावरांना आणि त्यांच्याकडून माणसाला होणाऱ्या रोगाचा, संशय आधी धरायचा. त्या वारेत, गर्भात आणि गर्भजलात कोट्यवधी जंतू असतात, ते भेगेतून, डोळ्यातून आणि उडालेल्या थेंबांतून माणसात जातात. निरोगी दिसणाऱ्या गाईची वारही तितकीच सांभाळून हाताळायची, कारण तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

तयारी आधीच करून ठेवायची. पशुवैद्यक वापरतात ते खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे दुकानात मिळतात, त्यांचे दोन-तीन जोड हवेत. ते पातळ असतात, वासराच्या खुराने सहज फाटतात, म्हणून वरून मनगटापर्यंतचा रबरी मोजा चढवायचा. वरचं टोक शर्टाला पिनेने अडकवायचं, नाहीतर ते घसरून कोपराशी गोळा होतं आणि नेमकं तेव्हाच हात आत असतो. साधा चष्मा, फवारणीचा असला तरी चालतो, आणि तोंडावर मास्क. रबरी एप्रन नसेल तर खताची प्लॅस्टिकची गोणी कापून पुढे बांधावी. कोमट पाण्याच्या दोन बादल्या, एक गाईसाठी, एक आपल्यासाठी, आणि त्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून रंग वेगळे. गरोदर बाईने या कामात अजिबात यायचं नाही, शेळी व्यायची असली तरीसुद्धा. ब्रुसेलोसिस, क्यू ताप, लिस्टेरिया यांतलं काहीही गर्भाला महागात पडतं.

वासरू बाहेर आलं आणि श्वास घेत नसेल तर जुने लोक त्याच्या नाकात तोंडाने फुंकतात किंवा चिकटा तोंडाने ओढून घेतात. हे करायचं नाही. फडक्याने नाक-तोंड पुसायचं, कडब्याची स्वच्छ काडी नाकपुडीत फिरवायची म्हणजे शिंक येते, आणि कोरड्या गोणपाटाने छाती जोरात चोळायची. नाळेला टिंक्चर आयोडीन लावताना मोजे काढलेले नसावेत.

वार साधारण आठ ते बारा तासांत पडते. न पडल्यास ओढू नये, तिला वीट बांधू नये. ओढल्याने गर्भाशय फाटतं किंवा आत तुकडे राहतात, आणि आपण कोपरापर्यंत त्यातच माखतो. बारा तास उलटले की पशुवैद्यक बोलवावा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पडलेली वार गोणीत भरून वडाला टांगायची पद्धत आपल्याकडे आहे, वडासारख्या पांढरा चीक गळणाऱ्या झाडाला टांगली की गाईचं दूध वाढतं असा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात ती गोणी गळते, कावळे चोची मारतात, खाली पडली की कुत्री ओढून दुसऱ्याच्या गोठ्याशी नेतात. चार फूट खड्डा, वार, वरून चुन्याचा थर, माती, आणि माथ्यावर बाभळीच्या काट्या आणि दगड. काट्या नसल्या तर कुत्री रात्रीत उकरतात. गाभडलेला गर्भही तसाच पुरायचा, पण आधी पशुवैद्यकाला नमुना हवा आहे का ते विचारून.

जागेवरचं गवत आणि पेंढा गोळा करून जाळायचा, मूत-शेण पाण्याने धुऊन काढायचं, आणि त्यानंतरच ब्लीचिंग पावडरचं पाणी, लिटरला तीस ग्रॅम या हिशेबाने, ओतून अर्धा तास ठेवायचं. आधी ओतलं तर शेणातच त्याची ताकद संपते, आणि मुताशी मिसळून डोळे झोंबवणारा वायू निघतो. संडासाच्या ॲसिडबरोबर तर ते कधीच एकत्र करू नये. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेली पावडर नुसती पांढरी भुकटी उरते. वास गेला म्हणजे क्लोरीन गेलं. शेवटी मोजे आतली बाजू बाहेर येईल असे सोलून काढायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे वेगळ्या बादलीत, आणि डोक्यावरून अंघोळ. त्याआधी चहासुद्धा नाही.

ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचतात, २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. ती जिवंत जंतूंची लस आहे. कालवड धरताना सुई आपल्याच बोटात गेली तर जागा साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना ‘ब्रुसेला लसीची सुई’ हे शब्द वापरून सांगायचं. नुसतं ‘सुई लागली’ म्हटलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात.

जनावर लाळ गाळतंय, आवाज घोगरा झालाय, पाणी पिता येत नाही, म्हणजे घशात काहीतरी अडकलं असं वाटून हात घालायची घाई होते. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा जनावराला कधी झाला हे मालकाला ठाऊक नसतं आणि रेबीज अगदी असाच दिसतो. हात घालायचा नाही. घातला गेलाच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं, आयोडीन लावायचं आणि सरकारी दवाखाना गाठायचा. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. जनावर मेलं म्हणून मधला डोस चुकवायचा नाही. त्या जनावराचं कच्चं दूध कुणी प्यायलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे चित्र वेगळं असतं. डांगी गाई पावसाला दाद देत नाहीत, पण माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, आणि भाताच्या आवणीचे दिवस म्हणजे दिवसभर पाय चिखलात. उंदरांचं आणि गुरांचं मूत त्याच पाण्यात मिसळतं आणि पायाच्या चिखल्यांतून लेप्टोस्पायरोसिस आत जातो. गुडघ्यापर्यंतचे बूट आवणीत चालत नाहीत, चिखल ते ओढून घेतो, हे खरंच आहे. म्हणून संध्याकाळी पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, खोबरेल लावायचं आणि चिखल्या झालेल्या माणसाने बांधाच्या कामावर राहायचं. पोळ्याला नदी-ओढ्यात बैल धुतानाही हेच, पायाला जखम असलेल्याने काठावरून पाणी द्यावं. या दिवसांत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत जबर दुखणं एकत्र आलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

कोंबड्यांचं खुराडं कोरडं झाडलं की धूळ सरळ छातीत जाते. आधी पाण्याचा हलका शिडकावा, मग फावड्याने काढायचं. बुरशी आलेला कडबा कुट्टीत घातला की चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला येतो. लोक त्याला हवा बाधली म्हणतात, प्रत्यक्षात बुरशीच्या कणांनी फुप्फुस चिडलेलं असतं. ओला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्कच लागतो. कोंबड्या एकाएकी भराभर मरू लागल्या तर सोलून खायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू उत्तर महाराष्ट्रातच, नवापुरात निघाला होता.

धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून पोरांना देतात. शेजारच्या गाईची तपासणी झालेली नसते आणि आपल्याही गाईची बहुधा नसते. दूध एक उकळी येऊन वर चढेपर्यंत तापवलं की ब्रुसेला, क्षय, क्यू ताप या सगळ्यांचं काम संपतं. कच्च्या दुधाला विरजण लावून केलेलं ताक-लोणी मात्र सुरक्षित नाही.

एवढं करूनही ताप येऊ शकतो. संध्याकाळी चढणारा, रात्री घाम फोडून उतरणारा, कंबर आणि सांधे धरणारा, पुरुषांत कधी वृषण सुजवणारा ताप दोन-तीन आठवडे राहिला की पुष्कळदा टायफॉइड किंवा मलेरिया म्हणून औषधं चालू राहतात. डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून आपण सांगायचं: घरी गाई-शेळ्या आहेत, अमुक तारखेला गाय गाभडली, वार मी हाताने उचलली. गाभडणं आणि ताप यांत महिना-दोन महिने अंतर असू शकतं, म्हणून गोठ्यातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवायची. ब्रुसेलाची रक्ततपासणी नाव घेऊन मागायची. निघालाच तर दोन प्रतिजैविकं मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात, बहुतेक डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटतं आणि गोळ्या तिथेच सुटतात, मग ताप परत येतो. रोगाचं निदान झालं त्याच आठवड्यात गोठ्यातल्या सगळ्या गाभण गाई-शेळ्यांचं रक्त पशुवैद्यकाकडून तपासून घ्यायचं, म्हणजे पुढची वार कोणाची सांभाळायची ते कळतं.